नालीचं पीठ

त्या सकाळी टाकी गप्प होती.

एरवी सेलोकर राईस मिलच्या मागच्या शेडमध्ये पाऊल टाकलं, की आधी तिचाच आवाज कानावर यायचा. मोठ्या गंजात वरण रटरटावं तसा. पहाटेची धाव संपली की प्रणोती घामेजल्या अंगाने तिथे डोकवायची, काचेच्या झरोक्यातून फेसाकडे बघायची आणि मगच घरात जायची. आज फेस नव्हता. आत नुसतं सपाट, गढूळ पाणी. टाकीपुढे तिची नणंद चारुशीला फरशीवर मांडी घालून बसली होती. डोळे लाल, हातात काचेची नळी.

"ताई, काय झालं?"

"मेले," चारू म्हणाली. "सगळे मेले, प्रणोती. काल संध्याकाळपर्यंत उड्या मारून राहिले होते."

प्रणोतीने झरोक्यातून पुन्हा आत पाहिलं. टाकी बंद पडली म्हणजे गिरणीवर पुन्हा संकट, हे तर होतंच. पण टाकीत जे मेलं होतं, तेच तिच्या पोटातही राहत होतं. आणि आशियाई स्पर्धेसाठीची नागपूरची निवड-शर्यत चार महिन्यांवर आली होती.

तुमसरात धानाच्या गिरण्या पुष्कळ. सेलोकरांची गिरणी उसन्या, म्हणजे उकड्या, तांदळाची. धान गरम पाण्यात भिजवायचं, वाफवायचं, वाळवायचं, मग कांडायचं. भिजवणीच्या पाण्यात साळीतली साखर आणि स्टार्च उतरतं. ते पाणी दोन दिवसांत आंबतं आणि असं घाण मारतं, की गिरणीमागच्या नालीकडून जाणारी माणसं नाकाला पदर लावत. शेवटी गिरणी बंद करण्याची नोटीस आली. तेव्हा जंतुशास्त्रात डॉक्टरेट घेऊन बाहेर नोकरी करणारी चारू माहेरी परतली. "हे पाणी फेकायचं नाही, जेवायला वाढायचं," असं म्हणून तिने शेडमध्ये स्टीलची भलीमोठी टाकी उभी केली.

त्या टाकीत जंतूंच्या दोन पंगती बसत. पहिली पंगत पाण्यातली साखर खाऊन तिचं लॅक्टिक आम्ल करी, दह्यात होतं तेच. दुसऱ्या पंगतीला एकच जात. ती ते आम्ल खाऊन त्याचं प्रोपियोनेट नावाचं आणखी एक आम्ल करी आणि भराभर वाढे. वाढलेले जंतू गाळून मंद आचेवर वाळवले, की बदामी रंगाचं पीठ मिळे. त्यात निम्म्याहून जास्त प्रथिनं, आणि काही जंतू निपचित पण जिवंत. खाली राहिलेल्या पाण्याला वासही नसे. पीठ तलावांतल्या माशांना जाऊ लागलं, मासे दुपटीने वाढू लागले आणि गावाने त्याचं नाव ठेवलं नालीचं पीठ.

मग एका सकाळी चारूने आपल्या भावाच्या बायकोला, म्हणजे प्रणोतीला, धावून आल्यावर बोटाला सुई टोचून रक्त तपासताना पाहिलं.

"काय मोजतेस?"

"लॅक्टेट. किती साचलं ते."

चारू तिच्या बोटाकडे बघतच राहिली. "लॅक्टिक आम्ल," ती स्वतःशीच पुटपुटली. "म्हणजे आमच्या दुसऱ्या पंगतीचं जेवण."

जोरात धावताना स्नायू साखर घाईघाईने जाळतात आणि लॅक्टेट रक्तात उतरतं. ते विष नाही, अर्धवट जळलेलं सरपण आहे. त्यातलं थोडं आतड्याच्या भिंतीतून पोटात पाझरतं. तिथे ते खाणारा जंतू बसला असेल, तर तो त्याचं प्रोपियोनेट करून परत रक्तात सोडतो आणि शरीर ते इंधन म्हणून वापरतं. चुलीबाहेर पडलेला निखारा कुणीतरी चिमट्याने उचलून पुन्हा आत ढकलावा, तसं. मॅरेथॉन धावणाऱ्यांच्या पोटात असे जंतू असतात, हे शास्त्रज्ञांना पूर्वीच दिसलं होतं. पण बाहेरून दिलेले जंतू पोटात मुक्काम करत नसत. चारूचा जंतू मुक्काम ठोकून बसणारा निघाला.

परवानग्या झाल्या, तपासण्या झाल्या. प्रणोतीने ते पीठ आंबिलीत घालून खायला सुरुवात केली आणि तीनेक आठवड्यांत तिचं धावणं पालटलं. मॅरेथॉनमध्ये बत्तिसाव्या किलोमीटरनंतर पाय दगडाचे होतात, डोळ्यांपुढे धुकं येतं. धावणारे त्याला भिंत म्हणतात. प्रणोती त्या जागी पोचली आणि भिंत तिथे नव्हतीच! मोकळा रस्ता होता नुसता. त्या दिवशी ती घरी आली ती हसत हसत, आणि नवऱ्याच्या, हर्षलच्या, गळ्यात पडून रडली.

हैदराबादच्या एका क्रीडा-पोषण कंपनीचा माणूस गिरणीच्या खेपा घालू लागला. मोठा कारखाना उभारू म्हणाला, अट एकच. आशियाई स्पर्धा होईपर्यंत हा जंतू फक्त प्रणोतीच्या पोटात राहील.

या सगळ्या आनंदात एकच माणूस नव्हतं. सासूबाई.

कुंदाबाई सेलोकर. नवरा गेल्यावर वीस वर्षं गिरणी एकहाती चालवलेली बाई. मूठभर साळी तळहातावर चोळून ओल किती ते सांगायची. तिला नालीचं पीठ घराच्या उंबऱ्याआत नको होतं. "या गिरणीतून तांदूळ निघते," ती म्हणायची, "घाण नाही निघत." पुढे एका लग्नात कुणीतरी भर पंगतीत विचारलं, "सेलोकरांकडचे लाडू आहेत का हे? मग राहू द्या बाप्पा." सगळे हसले. कुंदाबाई ताटावरून उठली आणि घरी येऊन लेकीपुढे उभी राहिली.

"त्या टाकीत आन् माह्यात एक निवड."

चारू दमलेली होती, चिडलेली होती. "टाकी," ती म्हणाली.

कुंदाबाई तिसऱ्या दिवशी बाजार वॉर्डातल्या भावाकडे राहायला गेली. त्याला आता चार महिने झाले होते. सणाला फोन, तोही हर्षलच्याच फोनवर.

टाकी कशाने मेली ते दुपारपर्यंत कळलं. जंतूंनाही रोग होतो. त्यांच्यावर जगणारे विषाणू असतात, फाज म्हणतात त्यांना. फाज जंतूच्या अंगाला चिकटतो, आत शिरतो, आपली शेकडो पिल्लं काढतो आणि जंतू फुगा फुटावा तसा फुटतो. सांडपाण्यात असे फाज कोट्यवधी असतात. त्यांतल्या एकाला चारूच्या जंतूच्या अंगाची चावी सापडली होती.

"फ्रीजरमध्ये जुना नमुना आहे ना?" प्रणोतीने विचारलं.

"आहे. तो वाढवते. पण तोही त्याच जातीचा. हा फाज आता शेडमध्ये सगळीकडे आहे. पिठात आहे. म्हणजे तुझ्या पोटातही गेलाय."

जुना नमुना वाढवला, तो रातोरात विरघळला. पुन्हा वाढवला, पुन्हा तेच. प्रणोतीची तपासणी झाली. तिच्याही पोटातला पाहुणा निघून गेला होता.

पुढच्या रविवारी गायमुखच्या रस्त्यावर प्रणोतीला भिंत पुन्हा भेटली. जुन्या ओळखीने भेटली, तीसच्याही अलीकडे. ती रस्त्याकडेच्या मोहाच्या झाडाला टेकून उभी राहिली, मांड्या थरथरत होत्या. मागून सायकलवर पाणी घेऊन हर्षल आला. त्याने बाटली पुढे केली.

"मी एकोणतीस वर्षांची आहे, हर्षल," ती म्हणाली. "पुढच्या वेळी मी नसेन."

कंपनीच्या माणसाने फोन उचलणं बंद केलं.

आणि अशात एका मंगळवारी चारू शेडमधून धावत आली. खरोखर धावत, पायात चपलाही नव्हत्या. हातातला टॅब तिने प्रणोतीच्या नाकापुढे धरला.

"जिवंत आहे! कुणाच्या तरी पोटात जिवंत आहे!"

महामारीनंतर गावोगावच्या नगरपालिका दर आठवड्याला सांडपाणी तपासू लागल्या होत्या. कोणता रोग येऊ घातलाय ते आधी गटाराला कळतं. आपला जंतू गावात पसरतो का हे बघावं, म्हणून चारूने त्या तपासणीत त्याच्याही डीएनएची खूण घालून ठेवली होती. गिरणीतले सगळे जंतू मरून महिना झाला होता. तरी गावाच्या सांडपाण्यात ती खूण येत होती. दर आठवड्याला.

"म्हणजे गावात कुणीतरी असं आहे," चारू धापा टाकत म्हणाली, "ज्याच्या पोटातल्या जंतूला फाज मारू शकलेला नाही. एक माणूस, प्रणोती. एकच माणूस पाहिजे!"

"अख्ख्या तुमसरात?"

"गटार झाडासारखं असतं. बुंध्यापासून निघायचं. जिथे फाटा फुटेल तिथे दोन्हीकडचं पाणी तपासायचं. खूण असेल त्या फांदीवर चढायचं. शेंड्यावर घर सापडेल."

नगरपालिकेच्या गटार विभागात ज्योत्स्ना मेश्राम नावाच्या अभियंता होत्या. त्यांनी भुयारी गटाराचा नकाशा दिला, बरोबर यायचंही कबूल केलं. त्यांची अट वेळेची होती. "सकाळी सहा ते आठ," त्या म्हणाल्या. "तेव्हाच गाव खरं बोलतं."

पहिल्या सकाळी तिघी शुद्धीकरण केंद्राजवळच्या मोठ्या झाकणापाशी उभ्या राहिल्या. मेश्राम मॅडमनी दांड्याला बांधलेली बाटली खाली सोडली, वर ओढली. चारूने थेंब जंतूची खूण ओळखणाऱ्या पट्टीवर टाकला. तिघींनी श्वास धरला. वासामुळेही धरला. थोड्या वेळाने पट्टीवर गुलाबी रेघ उमटली आणि चारूने भर रस्त्यात प्रणोतीला मिठी मारली. शाळेत निघालेली पोरं थांबून बघू लागली.

स्टेशनची बाजू कोरी. बसस्टँडची बाजू कोरी. बाजाराची बाजू गुलाबी! दुसऱ्या सकाळी बाजाराच्या बाजूचे तीन फाटे. पहिला कोरा, दुसरा कोरा, आणि तिसऱ्यात रेघ इतकी ठळक, की मेश्राम मॅडमच "अरे वा" म्हणाल्या. प्रणोतीला वाटलं, आपण शर्यतीतच आहोत. छाती तशीच धडधडत होती. कोण असेल? पीठ तर माशांना जात होतं. कुणी कोळी? गिरणीतला कुणी हमाल?

तिसऱ्या सकाळी त्या एका चिंचोळ्या गल्लीच्या तोंडाशी पोचल्या. आत तीन घरं. प्रणोती थबकली. "ताई," ती हळूच म्हणाली, "ही मामांची गल्ली आहे."

"असू दे ना. गल्लीत काय मामाच राहतो?" चारूने पट्टीवर थेंब टाकला.

तेवढ्यात गल्लीच्या दुसऱ्या तोंडाने एक बाई झपाझप चालत आली. साठीची, पदर कमरेला खोचलेला, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट, कपाळावर घाम. उघडं झाकण, दांडा, बाटली आणि आपली लेक-सून बघून ती थांबली.

"काहून बाप्पा," कुंदाबाई म्हणाली, "गटारात काय हरपलं तुमचं?"

 चारू हातातल्या पट्टीकडे बघत होती. रेघ गुलाबी नव्हती, चांगली लाल होती.

"आई," चारू कशीबशी म्हणाली, "तू पीठ खाल्लंस?"

कुंदाबाईने गल्लीत इकडेतिकडे पाहिलं. "आत चला," ती म्हणाली. "लोकं आयकून राहिले."

मामांच्या ओसरीवर तिने तिघींना चहा दिला. मेश्राम मॅडमनी तो चटकन संपवला आणि ऑफिसचं काम आठवून त्या उठल्या. मग कुंदाबाई बोलली, पण बघत होती ती बुटांच्या नाडीकडे.

"मासे खाऊन राहिले होते ना, तेव्हापासून मी खाऊन राहिली. रोज चमचाभर, भाजीत घालून. इकडे येताना डबा भरून आणला होता."

"मासे? म्हणजे सव्वा वर्ष?" चारूचा आवाज चढला. "तेव्हा तर माणसांसाठी तपासणीही झाली नव्हती! तुला काही झालं असतं तर?"

"म्हणूनच खाल्लं." कुंदाबाईने मान वर केली. "मी ओळखत नाही का तुले? आज माशाले देऊन राहिली, उद्या माणसाले देशील. आन् पहिली देशील ते हिले." तिने प्रणोतीकडे हनुवटी उडवली. "परक्याची पोरगी आणली आपण. हिले काही झालं असतं, तं हिच्या मायले मी काय तोंड दाखवलं असतं? म्हटलं, आधी आपण खाऊन पाहू. मरू तं मरू, साठ वर्षं झाली."

प्रणोतीने हातातला कप खाली ठेवला. लग्नाला पाच वर्षं झाली होती. या बाईने आपल्याकडे एकदाही कौतुकाने पाहिलं नाही, अशी तिची खात्री होती. धावायला निघालं की मागून ऐकू यायचं, "चालली भिंगरी." आणि ही बाई आपल्या आधी ते पीठ गिळत होती. रोज. न सांगता.

"मग भांडलीस कशाला एवढी?" चारूने डोळे पुसत विचारलं.

"पटत तं नव्हतंच. पण खाल्लं आन् दम लागणं बंद झालं माह्यं. चांदपूरच्या देवळाच्या पायऱ्या एका दमात चढली मी. आता लोकांपुढे घाण म्हणत होती, तं घरात कोणत्या तोंडानं सांगू का मीच खाते म्हणून?" कुंदाबाईने बुटाची नाडी ओढून घट्ट केली. "आन् तू टाकी म्हणाली."

चारू उठली आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारखी हुंदके देऊ लागली. कुंदाबाईने तिच्या केसांवर हात ठेवला. थोड्या वेळाने म्हणाली, "हे गटारातलं पाणी कोणत्या हातानं धरलं होतं? तो हात मले नको लावू."

खरी पंचाईत पुढे होती. नमुना हवा होता आणि तो डबीत द्यायचा होता. कुंदाबाई लाल झाली, निळी झाली, "या वयात हे दिवस दाखवले पोरीनं" म्हणाली. पण दिला. आणि नमुना नेणाऱ्या रिक्षातच बसून बोचक्यासह घरी परत आली.

चारूने त्यातून जंतू वेगळा काढला, काचेच्या बशीत पसरला आणि त्यावर फाजचा थेंब सोडला. जुना जंतू असता तर थेंबाच्या जागी सकाळी स्वच्छ भोक पडलं असतं. सकाळी सगळं घर बशीभोवती जमलं. हर्षलही गिरणी सोडून आला.

भोक नव्हतं. साय धरल्यासारखा थर, अख्खा, एकसंध.

"कवच बदललंय यानं!" चारू ओरडली. "सव्वा वर्ष आईच्या पोटात राहून बदललाय. फाजची चावी आता लागतच नाही!"

"माह्या पोटात राहून भल्याभल्यांचं बदललं," कुंदाबाई म्हणाली. "ते दोघं बसले ना समोर."

टाकी पुन्हा रटरटू लागली. तपासण्या उरकल्या आणि शर्यतीला दोन महिने उरले असताना प्रणोतीच्या आंबिलीत नवं पीठ पडलं. कुंदाबाईने ते स्वतः कालवलं.

तीन आठवड्यांनी बातमी लागून कंपनीचा माणूस पुन्हा हजर झाला. करार तोच, अट तीच. फक्त प्रणोती. तो गेल्यावर चारू बराच वेळ त्या कागदांपुढे बसून राहिली आणि मग म्हणाली, "सही नको करू या."

प्रणोतीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"एका टाकीत ठेवला, मेला. जगला कुठे? जिथे आपल्याला न विचारता गेला तिथे. हा पुन्हा एकाच जागी कोंडला, तर पुढचा फाज नवी चावी घेऊन येईल. शंभर पोटांत असेल तर शंभर तऱ्हेने बदलेल, एक तरी वाचेल. मी भावनेनं नाही बोलून राहिली, शास्त्र म्हणून बोलते. जंतूंच्या राष्ट्रीय पेढीत देऊन टाकू. ज्याला पाहिजे त्याला मिळेल."

"ज्याला म्हणजे? नागपूरला माझ्यासोबत धावणाऱ्या सगळ्या जणींना?"

"मागितलं तर, हो."

"शर्यत माझी आहे, ताई!" प्रणोती ताडकन उठली. "तुमचं शास्त्र पुढच्या वर्षीही राहील. मी नाही राहणार. तीन जणींची निवड आहे. तीन. आणि तुम्ही म्हणता, माझे पाय सगळ्यांना वाटून टाकू?"

 दोघींनी कुंदाबाईकडे पाहिलं. ती लसूण सोलत होती.

"मले नका पाहू," ती म्हणाली. "मी हिले दिलं. दिलं म्हणजे दिलं, आता ते हिचं. पुढे कोणाले द्यायचं ते हिनं ठरवावं."

दुसऱ्या दिवशी प्रणोती एकटीच लांबच्या धावेला निघाली. रागातच निघाली आणि रागाने वेग धरला. गायमुखचा रस्ता, तोच मोह, तोच चढ. भिंत नव्हती. पाय गात होते. पुढचं वळण, त्यापुढचं वळण, कुठे थांबावंसंच वाटेना. वाऱ्यासारखी परत येताना तिच्या मनात साताऱ्याची जुई खराडे आली. मागच्या शिबिरातली तिची खोलीसोबतीण. गेल्या दोन शर्यती जुईनेच जिंकल्या होत्या. आता मी तिला हरवीन, प्रणोतीला वाटलं, सहज हरवीन. आणि त्या सहज शब्दापाशी ती अडखळली. हरवीन, पण मग कुणी हरवलं? मी, की सासूबाईंच्या पोटातल्या पाहुण्याने? जुई भिंतीशी झुंजत असेल आणि मी मोकळ्या रस्त्याने जात असेन. दोघी एकाच रस्त्यावर धावलोच नसू. आपण जुईपेक्षा खरंच बऱ्या आहोत का, हे तिला गेली सहा वर्षं जाणून घ्यायचं होतं. तसं जिंकलं, तर ते कधीच कळणार नव्हतं.

घरी आली तेव्हा तिचा राग उतरला होता, पण चेहऱ्यावर वेगळीच झाक होती. "ताई," ती म्हणाली, "पेढीत द्या. आणि मला डबे भरून द्या. शिबिराला नेते."

शिबिरात जुईने डबा उघडून वास घेतला. "यात काय आहे?"

"भाताच्या गिरणीचं पाणी," प्रणोती म्हणाली. "आणि माझी सासू."

मग तिने सगळं सांगितलं. काही जणी नाक मुरडून हसल्या, काहींनी चारूला फोन लावून तासभर प्रश्न विचारले. जुईने शेवटी चमचा उचलला. "चुलीत गेली किळस," ती म्हणाली. "मला ती भिंत नको."

नागपूरची ती शर्यत ज्यांनी पाहिली ते अजून तिच्याबद्दल बोलतात. मॅरेथॉन बघणाऱ्याला सवय असते, की तिसाव्या किलोमीटरनंतर एकेक जण गळत जातो आणि शेवटी रस्त्यावर एक-दोन माणसं उरतात. त्या दिवशी वर्धा रोडवर सदतिसाव्या किलोमीटरला आठ जणी एका थव्यात होत्या. अडतिसाव्याला आठ. चाळिसाव्याला पाच, आणि त्या पाचींपैकी एकीचंही पाऊल जड पडत नव्हतं. समालोचकाचा आवाज फाटला. "हे काय चाललंय? ही मॅरेथॉन आहे का चारशे मीटर?"

प्रणोतीला समजलं, की आता दमण्याची वाट बघण्यात अर्थ नाही. कुणीच दमणार नाही. सगळ्यांच्या चुलीत निखारे परत पडताहेत. उरलं ते फक्त कोण कधी उडी घेतं एवढंच. आणि शेवटच्या उडीत ती कच्ची होती, जुई पक्की. थांबले तर मेले. पुढे उड्डाणपुलाचा चढ दिसला आणि ती सुटली. चढावर, जिथे कुणी वेग घेत नाही, तिथे. मांड्या पेटल्या. पेटू दे, ती मनात ओरडली, जितकं पेटेल तितकं परत मिळेल!

माथ्यावर ती एकटी होती. उतारावर मागून पावलं आली. जुई आली, बाजूला आली. एकदा, अगदी एकदाच, दोघींनी एकमेकींकडे पाहिलं, आणि जुई हसली. मग ती निघून गेली. प्रणोतीने जीव तोडला, पण ते अंतर भरेना. केरळची एक उंच मुलगीही निघून गेली. चौथी आता खांद्याला लागली होती. तिचा श्वास कानात ऐकू येत होता. तीनच जागा. शेवटचे दोनशे मीटर. दोन्हीकडे माणसांची भिंत, आणि त्या गोंगाटात प्रणोतीला एक आवाज वेगळा ऐकू आला.

"पळ, भिंगरे! पळ!"

फुटपाथवरून, गर्दीला कोपराने सारत, कमरेला पदर खोचून कुंदाबाई तिच्या बरोबरीने धावत होती.

प्रणोतीने मान खाली घातली आणि सगळं झोकून दिलं. तिने आणि चौथीने एकाच वेळी छाती पुढे टाकली. ती रेषेपलीकडे कोसळली तेव्हा काय झालं ते तिला माहीत नव्हतं. वर फलकावर छायाचित्र आलं, गेलं, पुन्हा आलं. मग नाव आलं. तिसरी. सेलोकर, तिसरी!

जुईने तिला हात धरून उठवलं. दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून उभ्या राहिल्या. प्रणोतीच्या मनात एक कळ उमटली. डबे नेले नसते तर पहिली आले असते. ती कळ खरी होती आणि पुढेही अधूनमधून उठणार होती. पण सहा वर्षांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. जुई तिच्याहून सरस होती, थोडीच. आणि ते थोडं कुठे आहे हे आता तिला पक्कं ठाऊक होतं. ते शेवटच्या दोनशे मीटरमध्ये होतं, आणि ते शिकता येण्यासारखं होतं.

हर्षल आणि चारू गर्दीतून वाट काढत आले. दोघंही धापा टाकत होते, चारूला तर बोलताच येईना. कुंदाबाई त्यांच्या आधीच पोचली होती. तिने सुनेचा चेहरा दोन्ही हातांत धरला, पदराने घाम पुसला, पाणी पाजलं. तिला स्वतःला दम लागल्याचं नावही नव्हतं. मग तिने वळून फलकाकडे, रेषेकडे, रस्त्याकडे एकदा नीट पाहिलं. धानाची रास जोखावी तसं.

"काहून गं," तिने प्रणोतीला विचारलं, "साठीच्या वरच्या बायांची शर्यत कधी असते?"